आधी जमीन, मग बॅटरी, शेवटी बंदूक: टेक्सासमधल्या एका शेळीफार्मचं प्रकरण

ऑस्टिनच्या पश्चिमेला चुनखडीच्या टेकड्यांचा पट्टा लागतो. ओढे, सीडरची गच्च झाडी, वीतभर माती आणि तिच्याखाली पांढरा दगड. टेक्सासमध्ये या भागाला हिल कंट्री म्हणतात. तिथे एका मराठी जोडप्याची २४ एकर जमीन आहे. दोघंही ऑस्टिनमध्ये नोकरी करतात. तो फलटणकडचा, ती कोल्हापूरची. शेतजमीन म्हणून कर कमी बसायचा तर जमिनीवर खरोखरची शेती किंवा जनावरं लागतात. म्हणून त्यांनी बोअर जातीच्या शेळ्या घेतल्या आणि पुढे त्या शेळ्यांचा त्यांना लळाच लागला. फेब्रुवारीत शेळ्या व्यायला लागल्या आणि करडं जाऊ लागली. संशय कायोटीवर होता. हा लांडग्या-कोल्ह्याच्या कुळातला अमेरिकी प्राणी.

त्याचा फोन आला. "काका, कायोटीसाठी ए.आर. रायफल घेतोय, वर थर्मल दुर्बीण. कुठली घेऊ तेवढं सांगा." (ए.आर. म्हणजे एक हलकी अर्धस्वयंचलित रायफल, आणि थर्मल म्हणजे अंगाची उष्णता टिपून अंधारातही दाखवणारी दुर्बीण.)

रात्रीच्या कायोटीबद्दल विचारणारे बहुतेक जण याच टोकाने सुरुवात करतात: बंदूक कुठली, मग तिच्यावर काय बसवायचं, आणि जमिनीचा विचार सगळ्यात शेवटी, केलाच तर. माझ्या मते हा क्रम पूर्ण उलटा हवा. गोळी कुठे जाऊन थांबणार हे जमीन ठरवते. समोर काय उभं आहे हे उजेड ठरवतो. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की बंदुकीची निवड जवळजवळ आपोआप होते. या प्रकरणात ती कशी झाली ते सविस्तर लिहितो, कारण टेक्सासमध्ये अशा दहा-वीस एकरांवर जनावरं पाळणारी आपली माणसं आता बरीच आहेत.

मारतंय कोण

पहिलं काम मेलेलं करडू नीट बघण्याचं. कायोटी बहुधा गळ्याला धरतो, जबड्याच्या मागे, आणि जनावर गुदमरून मरतं. कातडी सोलून पाहिली तर आत दातांच्या भोकांभोवती रक्त साकळलेलं दिसतं. मेल्यानंतर लचके तोडले असतील तर तसं साकळत नाही. पाळीव कुत्री असतील तर चित्र वेगळं असतं. मागचे पाय, कान, शेपूट फाडलेली, एका रात्रीत चार-पाच जनावरं जखमी आणि खाल्लेलं फारसं काहीच नाही. इथे करडं गळ्याला धरून मारलेली होती आणि पोटाकडून खाल्लेली. ओढ्याच्या ओल्या मातीत ठसे मिळाले, लांबट, नखं पुढे जुळलेली. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, झाडाला लावलेल्या कॅमेऱ्यातही जोडी दिसली. खात्री झाली.

जोडी दिसली हे महत्त्वाचं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॉपलंड केंद्रावर १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासात दिसलं, की कोकरं मारणारे कायोटी मुख्यतः त्या इलाख्यातली प्रजनन करणारी नर-मादी असतात; बाकीचे भटके कायोटी कमीच. त्याच विद्यापीठातल्या कॉनॉली आणि लाँगहर्स्ट यांनी १९७५ मध्ये संगणकावर मांडलेलं गणितही प्रसिद्ध आहे: दरवर्षी ७५ टक्के कायोटी मारत राहिलं तरी संख्या संपायला पन्नासहून जास्त वर्षं लागतील. दिसेल तो कायोटी टिपत सुटण्याने शेळ्या वाचत नाहीत. वाडग्यापर्यंत येणारी जोडी हेच इथलं लक्ष्य होतं, आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्याच हिशेबाने घेतला. इलाखाभर फिरून टिपायचं असतं तर लांब पल्ल्याची रायफल लागली असती. वाडग्यावर येणाऱ्याला थोपवायचं तर पल्ला छोटा चालतो.

चोवीस एकर म्हणजे किती

चोवीस एकर ऐकायला मोठं वाटतं. चौकोनी धरलं तर एक बाजू जेमतेम ३१० मीटर भरते. वाडगं मधोमध असेल तर कुठल्याही दिशेला दीडशे मीटरवर दुसऱ्याची हद्द. त्याला हव्या असलेल्या ए.आर. रायफलीतली .२२३ ची गोळी नळी थोडी वर असताना सुटली तर तीन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. या दोन आकड्यांमध्येच त्या रायफलचा निकाल लागत होता, पण तो फोनवर सांगून पटत नाही. म्हणून आम्ही दिवसाढवळ्या, अंतर मोजायचं यंत्र घेऊन सगळी जमीन चाललो.

उत्तरेला शेजाऱ्यांचं घर. पूर्वेला काउंटीचा रस्ता. टेक्सासमध्ये सार्वजनिक रस्त्यावरून किंवा रस्त्यापलीकडे गोळी झाडून शिकार करता येत नाही. पश्चिमेला दुसऱ्याची गुरं. दक्षिणेला मात्र ओढा, आणि ओढ्यापलीकडे मातीची उंच दरड, अजून याच जमिनीत. कायोटीही त्या ओढ्यातूनच येत होते. तेवढी एकच दिशा गोळीबाराला योग्य. आम्ही वाडग्याच्या दक्षिण कोपऱ्यात मचाणाची जागा ठरवली आणि तिथून डावी-उजवी हद्द दाखवणारे दोन लोखंडी खांब रोवले, त्यांना चमकणारी पट्टी लावली. रात्री बॅटरी मारली की दोन्ही खांब चमकतात. त्यांच्या मध्ये असेल तरच बंदूक उचलायची. खांबाबाहेर उभा राहून कायोटी करडू खात असला तरी नाही.

मचाण कशासाठी, याचं गणित त्याला कागदावर काढून दाखवलं. जमिनीवर उभं राहून तीस मीटरवरच्या कायोटीवर शॉटगनने, म्हणजे एकाच काडतुसातून अनेक छर्रे सोडणाऱ्या बंदुकीने, झाडलं तर नळी साधारण १.४ मीटरवर असते आणि जनावराची छाती ०.४ मीटरवर. म्हणजे चुकलेला किंवा आरपार गेलेला छर्रा आणखी बारा मीटर पुढे जाऊन, जवळजवळ आडवाच, जमिनीला घासतो. खाली चुनखडीचा दगड असेल तर तो तिथून उडतो. तेच मचाणावरून, नळी साडेचार मीटरवर असताना झाडलं तर जनावराच्या मागे तीनेक मीटरवर छर्रे मातीत रुततात. त्याच मचाणावरून दीडशे मीटरवर रायफल झाडली तर कोन पुन्हा सपाट होतो. उंचीचा फायदा जवळच्या नेमालाच मिळतो.

कायदाही याच दिशेने बोलतो. शहराच्या हद्दीबाहेरच्या पण शहराच्या नियंत्रणात येणाऱ्या पट्ट्यात बंदूक झाडण्यावर शहराने किती बंधनं घालायची, याला टेक्सासच्या कायद्याने मर्यादा घातली आहे. १० एकर किंवा जास्त जमीन असेल आणि दुसऱ्याच्या घरापासून १५० फुटांपेक्षा लांब असाल तर शहर शॉटगन अडवू शकत नाही. रायफलसाठी तीच मर्यादा ५० एकर आणि ३०० फूट आहे. दोन्हींना अट एकच, मारा आपल्या हद्दीबाहेर जाईल अशा रीतीने झाडायचं नाही. यांची जमीन अशाच पट्ट्यात होती. शॉटगनला पुरेशी, रायफलला अपुरी.

व्हिसा आणि परवाना

इथे थोडा थांबतो, कारण आपल्या लोकांना हा मुद्दा कोणी सांगत नाही. तो एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, वहिनी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर. अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. त्याला अपवाद आहेत, आणि त्यातला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, चालू असलेला शिकार परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही.

आता टेक्सासचा नियम पाहा. शेळ्यांवर हल्ला करणारा, करू पाहणारा किंवा नुकताच करून गेलेला कायोटी मारायला शिकार परवाना लागत नाही. गावातला कोणीही भला माणूस हेच सांगेल आणि ते खरंही आहे. पण एच-१बीवाल्याने तेवढ्यावर विसंबून परवाना काढला नाही, तर राज्याच्या दृष्टीने शिकार कायदेशीर आणि संघराज्याच्या दृष्टीने हातातली बंदूकच बेकायदा. तो गुन्हा गंभीर आहे आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, सगळंच त्यात अडकतं. म्हणून दोघांनी आधी शिकारीचं प्रशिक्षण पूर्ण केलं (२ सप्टेंबर १९७१ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना टेक्सासमध्ये ते लागतं), मग परवाने काढले, आणि त्यानंतर दुकानात पाऊल ठेवलं. टेक्सासचा नेहमीचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो. १ सप्टेंबरला नवा परवाना हातात नसेल तर कपाटातली बंदूकही अडचणीची. वहिनींनी फोनमध्ये १५ ऑगस्टची आठवण लावून ठेवली आहे. नव्या वर्षाचे परवाने साधारण तेव्हापासून मिळू लागतात.

घरात शाळकरी मुलगी आहे. टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागू देणं हा गुन्हा आहे. कायदा नसता तरी मी कुलूपबंद कपाटाशिवाय या कामात पडलो नसतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एवढंच: आपल्याकडे कोल्हा आणि लांडगा दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. इथे लिहिलेलं त्यांना लावायचं नाही.

बॅटरी

बॅटरीच्या खोक्यावर लुमेनचा आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि लोक तो बघून घेतात. लुमेन म्हणजे एकूण उजेड, सगळ्या दिशांचा मिळून. आपल्याला हवा असतो एका दिशेने फेकलेला झोत, आणि तो कँडेलामध्ये मोजतात. खोक्यावर पल्ला म्हणून जे मीटर छापतात ते साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, म्हणजे ०.२५ लक्स उजेड जिथे उरतो तिथपर्यंतचं अंतर. ४०,००० कँडेलाच्या बॅटरीचा पल्ला या हिशेबाने ४०० मीटर भरतो. पण चांदण्याइतक्या उजेडात कुत्रा की कायोटी हे कोण सांगणार? तीच बॅटरी १०० मीटरवर ४ लक्स देते आणि ४० मीटरवर २५ लक्स. छापलेल्या पल्ल्याच्या चौथ्या हिश्श्यापुढे ओळख पटेल असं मी धरत नाही. आपल्याला चाळीस मीटरच्या आतच काम होतं, त्यामुळे मध्यम बॅटरीने भागणार होतं आणि तिथेच बरेच पैसे वाचले.

रंगावरून वाद खूप होतात. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, एक निळसर प्रकाशाला आणि एक पिवळ्या-हिरव्याला, साधारण ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, सर्वाधिक प्रतिसाद देणारी. कायोटी त्याच कुळातला, त्याचंही असंच असणार. लाल एलईडीचा प्रकाश ६२० ते ६३० नॅनोमीटरचा. तो कायोटीला अजिबात दिसत नाही असं विक्रेते म्हणतात ते खरं नाही, मंद दिसतो. हिरवा, ५२० ते ५३० चा, त्यालाही चांगला दिसतो आणि आपल्यालाही. हिरव्यात आपल्या डोळ्याला तपशील जास्त मिळतो, म्हणून लांबचं बघायला काही जण तो पसंत करतात आणि त्यात चूक नाही. पण आमचं जनावर जवळ येणार होतं, आणि अंधारात काम करणाऱ्या आपल्या डोळ्यातल्या पेशींना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही. त्यामुळे लाल बॅटरी विझवल्यावर डोळे अंधाराला सरावलेलेच राहतात. वाडग्यातल्या शेळ्याही लाल उजेडाने कमी बिथरतात. आम्ही लाल घेतला, तोही मंद-प्रखर करता येणारा.

धुक्यात लाल प्रकाश आरपार जातो, हा आणखी एक समज. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात. ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. हिल कंट्रीत फेब्रुवारीच्या पहाटे ओढ्यात धुकं भरतं. अशा रात्री आत जाऊन झोपावं.

रंगापेक्षाही बॅटरी धरण्याची पद्धत महत्त्वाची. झोताचा प्रखर मध्य जनावरावर टाकायचा नाही, वर ठेवायचा आणि खालच्या मंद कडेने जमीन चाळायची. मंदपासून हळूहळू वाढवायची. अचानक लागलेला प्रखर झोत जनावराला पळवतो. सावकाश वाढणारा उजेड ते बऱ्याचदा सहन करतं. बंदुकीवर बसवलेल्या बॅटरीने कधीही शोधायचं नाही. शोध हातातल्या बॅटरीने किंवा थर्मलने, आणि बंदुकीवरची बॅटरी फक्त निर्णय झाल्यावर. बंदुकीवरच्या बॅटरीने शोधणारा माणूस दिसेल त्या प्रत्येक गोष्टीवर भरलेली नळी रोखत फिरतो, मग ते शेजाऱ्याचं वासरू असो की शेजारी. हा नियम मी कुणासाठीही सैल करत नाही. दोघांनी मिळून बसायचं, एकाने उजेड धरायचा, दुसऱ्याने बंदूक, आणि उजेड धरणाऱ्याने "कायोटी" असा शब्द मोठ्याने उच्चारल्याशिवाय दुसऱ्याने बोट घोड्यावर न्यायचं नाही. उजेडाचं काम वहिनींनी घेतलं. त्यांची नजर जास्त थंड आहे.

डोळ्यांच्या चमकेवरून जनावर ओळखता येतं असं अनेकांना ठामपणे वाटतं. मी त्यांना पहिल्या रात्री बंदुकीशिवाय नुसती बॅटरी घेऊन बसवलं. शेळीचे डोळे चमकले, राखणदार कुत्र्याचे चमकले, हरणांचे चमकले, आणि चितळाचेही. हो, आपलंच चितळ. १९३२ मध्ये टेक्सासमध्ये आणलेलं, आता हिल कंट्रीत मोकाट आहे. डोळ्यामागचा तो परावर्तक पडदा या सगळ्यांना असतो, आणि चमकेचा रंग कोनाप्रमाणे बदलतो. डोळे चमकले म्हणजे तिथे जनावर आहे, एवढंच कळतं.

थर्मल

थर्मल दुर्बिणीचा त्याला फार सोस होता आणि तो अगदीच गैर नव्हता. अंगाची उष्णता टिपणारं हे यंत्र गवतातला ससाही दाखवतं, तेही कुठलाही उजेड न पाडता. पण 'काहीतरी आहे' हे दिसणं आणि 'काय आहे' हे कळणं यांत मोठं अंतर आहे. १९५८ मध्ये जॉन जॉन्सन यांनी लष्करी कामासाठी यावर जे निकष मांडले ते आजही वापरतात. त्यांचा ढोबळ अर्थ असा: नुसतं असणं कळायला आकृतीच्या लहान बाजूवर दोनेक बिंदू पुरतात, नेमकी ओळख पटायला तेराच्या आसपास लागतात.

१२ मायक्रोमीटरच्या बिंदूंचा सेन्सर आणि ३५ मिलिमीटरचं भिंग घेतलं तर २०० मीटरवर एक बिंदू जवळपास ७ सेंटिमीटर व्यापतो. कायोटी खांद्यापाशी साधारण ६० सेंटिमीटर. म्हणजे नऊ बिंदू. ओळख पटायला तो १३० मीटरच्या आसपास यायला हवा, तेही हवा कोरडी असताना. जाहिरातीत मात्र त्याच यंत्रापुढे हजार मीटरच्या वरचे आकडे दिसतात, कारण ते नुसतं असणं कळण्याचे असतात. ६४० आणि ३८४ (सेन्सरवर आडव्या ओळीतले बिंदू) यांतला फरकही असाच चुकीचा समजला जातो. बिंदूचं माप आणि भिंग तेच असेल तर दोन्हींत तपशील सारखाच मिळतो. ६४० मध्ये दृश्य रुंद दिसतं, साडेबारा अंश विरुद्ध साडेसात. रुंद दृश्य शोधायला सोयीचं, त्याचे पैसे द्यायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण त्याने ओळख लांबून पटेल असं समजून घेऊ नये.

थर्मलमध्ये कुत्र्याचा पट्टा दिसतोच असं नाही, अंगाचा रंग तर दिसतच नाही, आणि जनावराच्या मागची दरड आणि आकाश यांतला फरकही दरवेळी उमगत नाही. शेळ्यांबरोबर यांचा ग्रेट पिरेनीस जातीचा राखणदार कुत्रा आहे, पांढराशुभ्र आणि भला थोरला. बॅटरीच्या उजेडात तो कायोटी वाटणं अशक्य. थर्मलमध्ये, अर्धा गवतात, तोंड पलीकडे, तर वाटू शकतो.

ओळख चुकल्याने काय होतं याचं मोठं उदाहरण नॉर्थ कॅरोलायनात आहे. तिथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या पाच काउंट्यांत तांबडा लांडगा १९८७ पासून पुन्हा सोडण्यात आला होता. जंगलातले सगळे त्याआधी संपले होते. दिसायला तो मोठ्या कायोटीसारखा. २०१२ मध्ये राज्याने कायोटीच्या रात्रीच्या शिकारीला, उजेड वापरून, परवानगी दिली. लांडगे गोळीला बळी पडत होतेच. संरक्षणवादी संस्था न्यायालयात गेल्या, आणि मे २०१४ मध्ये संघराज्य न्यायालयाने त्या पाच काउंट्यांत कायोटीची शिकार रोखली. त्याच वर्षी झालेल्या समझोत्यात तिथली रात्रीची शिकार बंद झाली. तेव्हा शंभराच्या आसपास उरलेल्या प्राण्यांत एका चुकीच्या गोळीचं मोल किती असतं, याचा विचार करावा.

शेवटी रायफलवरची थर्मल दुर्बीण रद्द झाली आणि हातात धरायची साधी थर्मल घेतली, निम्म्याहून कमी पैशांत. तिने शोधायचं, लाल बॅटरीने ओळखायचं. एक सूचना: ही यंत्रं आणि रात्रीच्या दुर्बिणी अमेरिकेच्या निर्यात नियंत्रणात येतात. गावी दाखवायला म्हणून सामानात टाकून भारतात नेऊ नयेत.

बंदूक

एवढं ठरल्यावर बंदूक उरली ती बारा बोअरची पंप शॉटगन. काडतूस तीन इंची, ४ नंबर बकशॉटचं, ज्यात सहा मिलिमीटरचे ४१ छर्रे असतात. या आकाराचा छर्रा नळी वर करून झाडला तरी अर्ध्या किलोमीटरच्या आतच पडतो. मचाणावरून खाली झाडलेला तर मातीतच जातो. १५-१६ किलोच्या जनावराला तो तीस-पस्तीस यार्डांवर पुरेसा आहे, त्याच्या पुढे मी भरवसा धरत नाही.

काडतूस आणि चोक (नळीचं तोंड कमी-जास्त आवळणारा भाग) यांची जोडी मात्र झाडूनच पारखावी लागते. पुठ्ठ्यावर कायोटीची बाजूची आकृती काढून पस्तीस यार्डांवर मारा केला. पूर्ण आवळलेल्या चोकने छर्रे दाट बसतील अशी त्याची खात्री होती. उलट झालं. मोठे छर्रे अरुंद तोंडातून निघताना एकमेकांवर दाबले जातात, वाकडे होतात आणि विखुरतात. मधल्या, मॉडिफाइड चोकने छातीच्या भागात व्यवस्थित दाटी केली. दुसऱ्या कंपनीच्या काडतुसाने तीच बंदूक पुन्हा वेगळं वागली. छातीत किमान सहा छर्रे, अशी आम्ही रेघ ठरवली. ती ज्या अंतरापर्यंत टिकली तिथे मचाणापासून मोजून जमिनीत एक दगड पुरला. दगडापलीकडे बंदूक उचलायची नाही. जखमी कायोटी अंधारात ओढ्यात निघून जाणं हा शेळीवाल्यालाही शोभणारा प्रकार नाही. बंदुकीवर साधा लाल ठिपका दाखवणारा नेम बसवला आणि कानाला इलेक्ट्रॉनिक मफ, जे स्फोट दाबतात पण कुजबुज ऐकू देतात. नळीवरची बॅटरी थोडी पुढे सरकवली, नाहीतर तिचा उजेड नळीवर पडून डोळ्यात येतो.

रायफलीला कमी लेखायचं नाही. मोठ्या रांचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या शेतावर, जिथे तीन-चारशे एकर आपलेच आणि मागे टेकडी आहे, तिथे .२२३ हीच माझीही पहिली निवड असते. ५५ ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला ९८० मीटरच्या वर वेगाने निघते, धक्का कमी, काडतूस स्वस्त, दीड-दोनशे यार्डांपर्यंत कायोटीला भरपूर. .२२-२५० तीच गोळी आणखी वेगाने फेकते, मैदानी मुलखात उपयोगी. .२४३ ला वारा कमी लागतो, पण कायोटीसाठी ती थोडी जास्तच आहे. गोळी पातळ आवरणाची, लागताच फुटणारी घ्यावी. दगडावर आपटली तरी ती बहुधा विखुरते, तर पूर्ण धातूच्या आवरणाची अखंड उडून जाते. .२२ रिमफायर या छोट्या काडतुसाने कायोटी मारू नये, बहुतेक वेळा तो फक्त जखमी होतो.

मग काय झालं

बसायच्या प्रत्येक रात्री आधी दोन फोन: काउंटीच्या गेम वॉर्डनला (शिकारीच्या कायद्यावर लक्ष ठेवणारा अधिकारी) आणि उत्तरेच्या शेजाऱ्यांना. टेक्सासमध्ये खाजगी जमिनीवर कायोटीची रात्रीची शिकार चालते, पण हरणाची अजिबात नाही, आणि झाडीत फिरणारा उजेड बघून कोणालाही हरणचोराचाच संशय येतो. पिरेनीसला त्या रात्री वाडग्यात आत बांधायचं.

पहिला प्रसंग आला तो सोडून देण्याचा. थर्मलमध्ये ओढ्यातून एक आकृती वर आली, कायोटीच्याच मापाची, कायोटीच्याच चालीने. दोन्ही खांबांच्या मध्ये, दगडाच्या अलीकडे. वहिनींनी उजेड हळूहळू वाढवला आणि म्हणाल्या, "पट्टा आहे." शेजारच्या रांचचा गुरं राखणारा कुत्रा होता. रायफलवरच्या थर्मलमधून बघणाऱ्या एकट्या माणसाने तो मारला असता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

काही आठवड्यांनी जोडी आली. नर वाऱ्याच्या खालच्या बाजूने लांबून वळसा घालून खांबाबाहेरच राहिला. मादी सरळ दगडाच्या आत आली, उजेडात थांबली, वहिनींनी शब्द उच्चारला, आणि त्याने एकाच काडतुसात काम संपवलं. चुकलेले छर्रे सकाळी ओल्या मातीत, जवळपास गणितात काढले होते तिथेच सापडले. नर त्यानंतर दगडाच्या आत आला नाही.

पण करडं जायची थांबली ती खरी दुसऱ्या कारणाने. बंदुकीच्या कागदपत्रांची वाट बघत होतो त्याच दिवसांत वाडग्याच्या जाळीला बाहेरून खाली आणि वर विजेच्या तारा ओढल्या आणि व्यायला आलेल्या शेळ्या रात्री आत घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे धनगर मेंढरं रात्री वाघरीत कोंडतात आणि भोवती कुत्री सोडतात, तीच गोष्ट. तारा लागल्यानंतर आत शिरून करडू नेल्याची एकही घटना झाली नाही. बंदूक लागली ती दिवस मावळल्यावर बाहेर रेंगाळणाऱ्या शेळ्यांच्या मागावर राहिलेल्या त्या एका जोडीसाठी. दुसरा कळप असता, दुसरं कुंपण असतं तर कदाचित लागलीच नसती.

आता दक्षिणेकडची लगतची ८० एकर जमीन भाड्याने मिळण्याचं बोलणं चाललंय आणि त्याने पुन्हा रायफलचा विषय काढलाय. १०४ एकरांवर ५० एकरांच्या मर्यादेचा प्रश्न बहुधा राहत नाही, पण ३०० फुटांची आणि गोळी हद्दीबाहेर न जाण्याची अट राहते, आणि त्या ८० एकरांचा निम्मा भाग सपाट माळ आहे. जमीनमालकाची लेखी परवानगी, दिवसा पुन्हा एकदा सगळी जमीन चालणं, नवे खांब, आणि दरडीकडे तोंड करून शंभर यार्डांवर नेम साधण्याची जागा, एवढं झालं की .२२३ बद्दल बोलू असं मी त्याला सांगितलंय. वहिनींनी अंतर मोजायचं यंत्र चार्ज करून ठेवलंय.